जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड, ७१३४ चिप: चॅनेल सापडत नाहीत, चित्र काळंपांढरं, आवाज गायब

ढोलताशा_निपाणी

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपवर जुनं पीसीआय टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलंय. मोठ्या चिपवर फिलिप्स एसएए ७१३४ असं छापलंय, शेजारी पत्र्याची ट्यूनरची डबी आहे. मदरबोर्ड जी ४१, रॅम ४ जीबी, विंडोज ७ बत्तीस बिट. ड्रायव्हर बसलाय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह नाही.

अडचणी अशा. केबलची वायर थेट कार्डाला लावून स्कॅन केलं की एकही चॅनेल मिळत नाही, नुसता निळा पडदा. फ्री डिशच्या बॉक्सची वायर कार्डाच्या कंपोझिटला, म्हणजे पिवळ्या भोकाला, लावली की चित्र येतं, पण काळंपांढरं, आणि खालून वर सरकत राहतं. आवाज कशातच नाही.

कार्डाकडून कामं दोन हवीत. बॉक्सवरून सह्याद्री बघायचं आणि अधूनमधून रेकॉर्ड करायचं. शिवाय मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी आहेत, त्या संगणकावर घ्यायच्यात. कार्ड बाद झालंय की सेटिंग चुकतंय, कसं ओळखायचं?

सोल्डर_शहापूर

कार्ड बाद नाही. चित्र सरकतंय म्हणजे कंपोझिटचा भाग जिवंत आहे.

आधी एक समजून घ्या. या कार्डावर दोन वेगळी यंत्रं आहेत. पत्र्याची डबी हवेतून किंवा केबलमधून येणारा ॲनालॉग सिग्नल पकडते. ७१३४ चिप आलेल्या व्हिडिओचे आकडे करून पीसीआय बसवर टाकते. पिवळी पिन डबीला वगळून थेट चिपकडे जाते. त्यामुळे स्कॅन रिकामं येणं आणि पिवळ्या पिनेचं चित्र बिघडणं हे दोन निराळे आजार आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

स्कॅनचं उत्तर सोपं: पकडायला काही उरलेलंच नाही. केबल डिजिटल करायची मुदत शहरी भागाला डिसेंबर २०१५ आणि बाकी सगळ्यांना मार्च २०१७ होती. आता त्या वायरीतून डिजिटल आणि बहुतेक कूटबद्ध सिग्नल येतो. ॲनालॉग डबीला तो नुसता गोंगाट वाटतो. ड्रायव्हर दहा वेळा बदललात तरी काही हाती लागणार नाही.

डबी चालते का हे तपासायचंच असेल तर कॅसेटचा व्हीसीआर आहेच की तुमच्याकडे. त्याच्या मागे आरएफ आउट, म्हणजे टीव्हीच्या ॲन्टेनाच्या भोकात जाणारं आउटपुट, असतं. तिथून ॲन्टेनाची वायर कार्डाच्या डबीत लावा, व्हीसीआरमध्ये कॅसेट चालू ठेवा आणि यूएचएफ चॅनेल ३६ च्या आसपास शोधा. त्याची चित्रलहर ५९१.२५ मेगाहर्ट्झवर असते. बऱ्याच व्हीसीआरना मागे एक बारीक स्क्रू असतो, त्याने हा आकडा ३० ते ३९ चॅनेलांत सरकतो, म्हणून तेवढा पट्टा हातानेच चाळा. चित्र दिसलं तर डबी चांगली. ती आता कशाला लागणार हा भाग वेगळा.

आता सरकणारं काळंपांढरं चित्र. दोन्ही लक्षणं एकत्र असली तर कारण जवळजवळ नेहमी एकच: कार्ड एनटीएससीवर आहे आणि बॉक्स पाल देतोय. चित्र पाठवायच्या या दोन पद्धती, पाल आपल्याकडची, एनटीएससी अमेरिकेची. पालमध्ये ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० अर्धचित्रं असतात, एनटीएससीत ५२५ आणि ६०. मोजणी जुळत नाही म्हणून चित्र सरकतं. रंगाची लहर पालमध्ये ४.४३ आणि एनटीएससीत ३.५८ मेगाहर्ट्झवर, ती सापडत नाही म्हणून रंग उडतो.

टीव्हीच्या प्रोग्रॅममध्ये देश भारत निवडून भागत नाही, कारण तो बदल बरेचदा डबीपुरताच होतो. व्हर्च्युअलडब (व्हिडिओ रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम) उघडा, कॅप्चर एव्हीआयमध्ये जा, डिव्हाइस निवडा. मग व्हिडिओ मेनूतून कॅप्चर फिल्टरची खिडकी उघडा, त्यात व्हिडिओ डिकोडर नावाचं पान असतं. तिथे पाल_बी करा. त्याच पानावर सिग्नल सापडला का आणि रेषा किती हे दिसतं. सिग्नल १ आणि रेषा ६२५ दिसल्या की झालं. ५२५ दिसल्या तर बॉक्सच एनटीएससी देतोय, मग त्याच्या मेनूत टीव्ही सिस्टीम पाल करा.

चित्र स्थिर पण काळंपांढरं असेल तर कारण दुसरं. क्रॉसबारमध्ये, म्हणजे इनपुट निवडायच्या खिडकीत, एस-व्हिडिओ निवडलेलं असतं आणि वायर मात्र कंपोझिटची. एस-व्हिडिओत उजेड आणि रंग वेगळ्या तारांवरून येतात, रंगाची तार मोकळी राहते.

यळ्ळूर_८६

मग गच्चीवर जुना काड्यांचा ॲन्टेना आहे, तो लावून दूरदर्शन तरी येईल का?

छत्री_खानापूर

नाही येणार. दूरदर्शनने जमिनीवरची ॲनालॉग प्रक्षेपणं मार्च २०२२ अखेरपर्यंत बंद केली. सामरिक महत्त्वाच्या ठिकाणची थोडी ठेवली, आपला भाग त्यात धरू नका. काड्यांवर कावळे बसायला हरकत नाही.

ढोलताशा_निपाणी

पाल_बी केलं, चित्र रंगीत आणि स्थिर झालं. धन्यवाद अण्णा. रेषा ६२५ दाखवतंय.

आवाज अजून नाही. बॉक्सला तीन वेगळ्या पिना नाहीत, ३.५ मिलिमीटरचं एकच भोक आहे आणि त्यातून पिवळी-पांढरी-लाल अशी वायर निघते. लाल पिन स्पीकरला लावून बघितली तर नुसता घर्रर्र आवाज येतो. आणखी एक, पिना लावताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात.

सोल्डर_शहापूर

झिणझिण्यांचं आधी बघा, आवाजाचं नंतर. त्यात कार्ड जळू शकतं.

फ्री डिशच्या बॉक्सचा ॲडॉप्टर दोन पिनांचा असतो, त्याला अर्थिंग नाही. आतल्या पुरवठ्यात वीज आणि बाहेरचं ग्राउंड यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून बारीकशी गळती येते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॉक्सच्या पिनेचं बाहेरचं कडं आणि संगणकाचं कॅबिनेट यांच्यात मोजलं तर ८०-१०० व्होल्टसुद्धा दिसतील. प्रवाह नगण्य असतो, माणसाला नुसती मुंगी येते, पण चिपला तेवढं पुरतं. गोम अशी की या पिवळ्या-लाल पिनांची रचना उलटी आहे. मधली सुई आधी टेकते, बाहेरचं कडं नंतर. म्हणजे चालू यंत्रावर पिन खुपसली की सगळी गळती पहिल्यांदा चिपच्या इनपुटमध्येच शिरते.

म्हणून संगणक आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढा, छत्रीची वायर बॉक्समधून काढा, मग पिना जोडा, मग प्लग लावा, छत्रीची वायर शेवटी. संगणकाचा तीन पिनांचा प्लग खरोखर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये हवा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. वायरमनकडून फेज आणि अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या, ते फेज आणि न्यूट्रलइतकंच दिसायला हवं. गुरगुर घालवायला अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका.

आता ते एकच भोक. त्या जॅकला चार भाग असतात: टोक, पहिली कडी, दुसरी कडी आणि मूळ. कुठला भाग कशाला हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. काहींत ग्राउंड दुसऱ्या कडीवर, काहींत थेट मुळावर. बाजारातल्या वायरी दिसायला एकसारख्या, आतली जोडणी वेगळी. लाल पिनेतून घर्रर्र येतोय म्हणजे तिथे आवाजाऐवजी दुसरंच काही येतंय. व्हिडिओ स्पीकरवर टाकला की ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते.

तुमचं चित्र पिवळ्यातून नीट येतंय का, की तुम्ही दुसऱ्या रंगाची पिन कार्डाला लावलीय?

ढोलताशा_निपाणी

होय की, पांढरी पिन लावल्यावर चित्र आलं होतं. पिवळीत काहीच नव्हतं म्हणून तसंच ठेवलं.

सोल्डर_शहापूर

मग कोडं सुटलं म्हणायचं. तपास असा करा. बॉक्सचा प्लग काढून ठेवा, छत्रीची वायर काढा. मल्टिमीटर ओहमवर. एक टोक बॉक्सच्या छत्रीच्या सॉकेटच्या धातूला, दुसरं पिवळ्या पिनेच्या बाहेरच्या कड्याला. शून्याच्या जवळ आलं तर ग्राउंड बरोबर जागी आहे, फक्त तीन तारांची अदलाबदल आहे. मग वायर फेकायची गरज नाही. ज्या पिनेतून चित्र येतं ती व्हिडिओ, उरलेल्या दोन आवाजाच्या, रंगाकडे दुर्लक्ष करायचं. पिनांवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा म्हणजे घरात दुसरं कुणी बदलणार नाही.

शून्य आलं नाही तर ग्राउंडच चुकीच्या कडीवर आहे. ती वायर कितीही फिरवली तरी धड चित्र-आवाज देणार नाही. तुमची लाल पिन घरघरतेय ती बहुधा यामुळेच. बॉक्ससोबत आलेली मूळ वायर शोधा, किंवा दुकानात बॉक्स नेऊन तिथेच लावून बघून घ्या. बेळगावच्या गणपत गल्लीत घ्या नाहीतर निपाणीत, वायर न तपासता आणायची नाही.

ढोलताशा_निपाणी

मीटर शून्य दाखवत नाही. दुसरी वायर आणली, ती शून्य दाखवते. आता पिवळीत चित्र, पांढरी-लाल स्पीकरला लावली की स्वच्छ आवाज. संगणकात मात्र अजून शांतता.

सोल्डर_शहापूर

बॉक्सपर्यंतचं काम झालं. आता संगणकात आवाज शिरायच्या वाटा दोन आहेत आणि तुमच्या कार्डावर कुठली आहे ते बघायला हवं.

पहिली वाट: कार्डाच्या पट्टीवर आवाजाचं इनपुट असतं, ७१३४ स्वतः आवाजाचे आकडे करते आणि पीसीआय बसवरूनच देते. अशा वेळी व्हर्च्युअलडबच्या ऑडिओ मेनूत साउंड कार्डाखेरीज कार्डाच्या नावाचं वेगळं साधन दिसतं. ते निवडायचं. भाऊबंद ७१३० चिपवर ही सोय नाही, म्हणून चिपवरचा शेवटचा आकडा नीट वाचा.

दुसरी वाट: कार्ड आवाज नुसता पुढे ढकलतं. कार्डाच्या लाइन आउटमधून साउंड कार्डाच्या निळ्या लाइन इनमध्ये ३.५ मिलिमीटरची छोटी वायर टाकावी लागते, किंवा कॅबिनेटच्या आत चार पिनांची बारीक वायर असते, जुन्या सीडी ड्राइव्हला लागायची तसलीच. ती नसली तर सरळ बॉक्सच्या पांढऱ्या-लाल पिना अडॉप्टरने निळ्या भोकात घाला, कार्डाला मध्ये आणूच नका. गुलाबी भोकात नको. ते मायक्रोफोनचं, तिथे आवाज फाटतो आणि बहुतेक वेळा एकच बाजू येते.

मग विंडोजमध्ये साउंड, रेकॉर्डिंग टॅब, लाइन इनवर उजवं क्लिक करून सुरू करा आणि डिफॉल्ट करा. पातळी मध्यावर ठेवा, मोठ्यात मोठ्या आवाजाला पट्टी लाल होता कामा नये. नमुना दर ४८००० हर्ट्झ. ४४१०० वर ठेवलं तरी आवाज येतो, पण पुढे डीव्हीडी किंवा संपादनाच्या वेळी पुन्हा बदलावं लागतं.

एवढं करून विंडोज १० वर कुणी अडलं असेल तर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोन डेस्कटॉप प्रोग्रॅमना बंद असतात. विंडोजला कॅप्चर कार्ड म्हणजे कॅमेराच. परवानगी नसेल तर काळा पडदा आणि शांतता, चूक कुठे ते सांगतही नाही.

पेंग्विन_टिळकवाडी

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. एलएसपीसीआय आज्ञेत ११३१:७१३४ दिसलं की एसएए७१३४ हे मॉड्यूल (लिनक्सचा ड्रायव्हर) आपोआप चढतं, विंडोजच्या ड्रायव्हर सीडी शोधत बसायला नको. जुन्या ब्रुकट्री ८७८ चिपेची कार्डं १०९ई:०३६ई म्हणून दिसतात, त्यांना बीटीटीव्ही. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत कार्ड अनोळखी म्हणून आलं तर मॉड्यूलला कार्ड क्रमांक हाताने द्यावा लागतो. क्रमांकांची यादी कर्नलच्या दस्तऐवजांतच आहे. बीटीटीव्हीत पिनॅकल पीसीटीव्हीला ३९ आणि पिक्सेलव्ह्यू प्लेटीव्ही प्रोला ३७.

क्रमांक चुकला तरी चित्र बरेचदा येतं, पण इनपुटांची नावं उलटसुलट होतात. कंपोझिट १ मध्ये काळं दिसलं तर ० ते ४ सगळी इनपुटं फिरवून बघा, मगच कार्डाला दोष द्या.

आवाजासाठी एसएए७१३४-अल्सा हे वेगळं मॉड्यूल चढवावं लागतं. डबीचा आवाज ३२००० हर्ट्झवर येतो, बाहेरच्या पिनांचा ४८००० वर घेता येतो. रेकॉर्डिंग प्रोग्रॅम ४४१०० मागत बसला तर चूक दाखवून बंद पडतो आणि लोक समजतात आवाजाची चिप गेली.

यळ्ळूर_८६

माझ्याकडच्या नव्या मशीनला पीसीआय स्लॉटच नाही. पीसीआय एक्सप्रेसवरून पीसीआय करणारी पट्टी ऑनलाइन मिळते, ती चालेल का? की युएसबीचं छोटं कॅप्चर घ्यावं?

पेंग्विन_टिळकवाडी

त्या पट्ट्यांवर बहुधा एएसएम १०८३ नावाची पूल-चिप असते. तिचं इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) प्रकरण कुप्रसिद्ध आहे. चित्र दहा-वीस मिनिटं छान चालतं, मग कर्नल तो इंटरप्ट बंद करून टाकतो आणि चित्र धक्के खात येतं. थेट बघायला चालवून घ्याल, तीन तासांची कॅसेट घ्यायला नको.

युएसबी चालेल, पण एक ध्यानात ठेवा. इझीकॅप नावाने विकली जाणारी डबी बाहेरून एकच, आत चार वेगवेगळ्या चिपांपैकी कुठलीही निघते: एसटीके ११६०, युटीव्ही ००७, ईएम २८६० किंवा सोमॅजिक. शेजाऱ्याला चाललेला ड्रायव्हर तुम्हाला चालेल याचा भरवसा नाही. लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी वाचा आणि त्यावरून ड्रायव्हर शोधा. लिनक्सला पहिल्या तिन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. आणि डबी थेट मागच्या युएसबी भोकात लावा. हबवर, त्याच हबवर बाहेरची डिस्क असली की चौकटी गळतात.

चौसष्ट बिट विंडोजवर सही नसलेला ड्रायव्हर बसत नाही. प्रगत स्टार्टअपमध्ये जाऊन ७ दाबलं की तेवढ्यापुरता बसतो, पुन्हा चालू केलं की परत अडतो. कॅसेटींच्या कामाला ढोलताशांची जुनी बत्तीस बिट मशीनच उत्तम. फक्त तिला इंटरनेट लावू नका.

छत्री_खानापूर

सह्याद्री बघणं आणि रेकॉर्ड करणं एवढंच काम असेल तर बॉक्समधून पिवळ्या पिनेवर, तिथून परत आकडे करत बसणं म्हणजे उसाचा रस काढून पुन्हा उसात भरण्यासारखं. उपग्रहाचा सिग्नल आधीच डिजिटल आहे. डीव्हीबी-एस२ कार्ड (उपग्रहाचा सिग्नल थेट घेणारं) घेतलं तर प्रक्षेपणातला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर येतो, दर्जा अजिबात पडत नाही. खाजगी डीटीएच मात्र कूटबद्ध असतं, ते असं दिसणार नाही. फ्री डिशवरच्या मोकळ्या वाहिन्यांपुरतंच हे लागू.

फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. बेळगावातून छत्रीचं तोंड उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १२८ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि उंची क्षितिजापासून ६१ अंश. निपाणीत दिशा अंशभर पुढे, उंची अर्ध्या अंशाने कमी. छत्री प्रत्यक्षात एवढी वर बघताना दिसत नाही, कारण ती ऑफसेट प्रकारची असते, वाटी उंचीपेक्षा बरीच उभी दिसते. एलएनबी (छत्रीसमोरची सिग्नल पकडणारी डबी) सरळ उभा ठेवू नका. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला आहे, तेव्हा तो अर्ध्या काटकोनाहून थोडा जास्त, म्हणजे पन्नास अंशांच्या आसपास तिरका लागतो. ताकद नव्हे, क्वालिटीची पट्टी बघत फिरवा.

प्रोग्रॅमात एलएनबी युनिव्हर्सल, ९७५० आणि १०६००. कार्डाला खरा आकडा मिळतो तो वजाबाकीचा: ११०९० मेगाहर्ट्झचा सिग्नल ९७५० वजा होऊन १३४० वर येतो. कार्डाची मर्यादा ९५० ते २१५०. चुकून १०६०० वजा झाले तर ४९० उरतात, ते पट्ट्याच्या बाहेर, स्कॅन रिकामं. छत्री हलवण्याआधी हा आकडा तपासा.

एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट कार्ड पुरवतं. युएसबी कार्डासोबत वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर येतो, तो न लावता नुसत्या युएसबीवर चालवलं की ताकद दिसते आणि क्वालिटी शून्य. बॉक्स आणि कार्ड दोन्ही एकाच छत्रीवर हवं असेल तर दोन तोंडांचा एलएनबी बसवा. स्प्लिटर टाकला की एक १३ मागतो, दुसरा १८, भांडण चालू.

वळवाचे ढग दिसले की छत्रीची वायर आणि प्लग दोन्ही काढायचे. नुसता स्विच बंद करून वीज थांबत नाही.

ढोलताशा_निपाणी

लाइन इनने आवाज आला. आता बॉक्सचं चित्र आणि आवाज दोन्ही ठीक. पण चित्रात एक फिकट आडवा पट्टा हळूहळू सरकतो. आणि कॅसेटींचं काय करायचं? व्हीसीआर लावला की चित्राचा वरचा भाग वाकडा होतो, मधूनच निळा पडदा येतो.

सोल्डर_शहापूर

सरकणारा पट्टा म्हणजे ग्राउंडचा लूप. छत्रीचा खांब गच्चीत कुठेतरी जमिनीला टेकलाय, संगणक सॉकेटच्या अर्थिंगला. दोन्हींमधला फरक पिवळ्या वायरीच्या कड्यातून वाहतो. छत्रीची वायर काढून बघा, पट्टा गेला तर तेच. बॉक्स, संगणक, मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, निम्म्याहून अधिक वेळा तेवढ्याने जातो. आवाजातली गुरगुर राहिली तर ६०० ओहमचा ऑडिओ आयसोलेटर मध्ये टाका.

टीव्हीलाही चित्र हवं म्हणून वाय-पिनेने दोन फाटे फोडले असतील तर तेही काढा. कंपोझिट एक व्होल्टचा सिग्नल, ७५ ओहमच्या एकाच ग्राहकासाठी. दोन ग्राहक लावले की प्रत्येकाला पाऊण व्होल्टसुद्धा मिळत नाही, चित्र मळकट होतं आणि सिंक (रेषा कुठे सुरू होते ते सांगणारा ठोका) डळमळतो.

कॅसेटवाला_चिकोडी

कॅसेटी आत घालण्याआधी खिडकीतून फितीची कड बघा. पांढरे ठिपके किंवा कापसासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडचा पावसाळा, त्यात खानापूरसारख्या ओल्या पट्ट्यातल्या कॅसेटी तर हमखास. तशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालायची नाही, बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. तिला वेगळं काढा. बाकीच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं पडलेली फीत थराला चिकटलेली असते.

हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि शॅमॉय चामड्याचा तुकडा. चामडं स्थिर धरून ड्रम हाताने फिरवायचा, वरखाली घासायचं नाही. कानकाडीचा कापूस तर अजिबात नको, तंतू हेडच्या फटीत अडकून हेड तुटतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी घर असेल तर व्हीसीआर आणि संगणकाचा पंखा दोन्ही आधी फुंकून घ्या. ती धूळ चिकट असते, ओल धरते.

वरचा वाकडा भाग: व्हीसीआरच्या फितीचा वेग बारीक डगमगतो, त्यामुळे रेषांची वेळ चुकते. टीव्ही ते पोटात घालतो, कार्ड घालत नाही. व्हिडिओ डिकोडरच्या त्याच पानावर व्हीसीआर इनपुट नावाची चौकट आहे, तिथे टिक करा. चिप मग सिंकच्या मागे चपळाईने धावते. वाकडेपणा बराच कमी होतो. राहिला तर ट्रॅकिंग हाताने फिरवा. तरीही राहिला तर व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर (रेषांची वेळ सुधारणारं यंत्र) लागतो. काही डीव्हीडी रेकॉर्डरच्या इनपुटमध्ये तो असतो, रेकॉर्ड न करता नुसतं आरपार न्यायचं.

निळा पडदा बहुतेक व्हीसीआर स्वतःच टाकतो. सिग्नल कमजोर वाटला की गोंगाटाऐवजी निळं दाखवायचं अशी मेनूत सोय असते, ती बंद करा. चित्राच्या अगदी तळाला सात-आठ रेषा फाटलेल्या दिसतील, तो बिघाड नाही. हेड बदलण्याची ती जागा, टीव्हीवर चौकटीआड जायची म्हणून कुणाला दिसली नाही. रेकॉर्ड करताना कापू नका, नंतर काळी पट्टी टाका.

आता आकडे. ७२० बाय ५७६, वायुवाय२ (रंग साठवायची पद्धत), सेकंदाला २५ चौकटी. कच्चा प्रवाह सेकंदाला साधारण २१ एमबी, म्हणजे तासाला ७५ जीबी. हफवायुव्ही कोडेक लावला की दर्जा न घालवता निम्म्यावर येतो. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला सव्वाशेक जीबी मोकळी ठेवा. डिस्क एनटीएफएस हवी. फॅट३२ वर ४ जीबीला फाइल अडते, ऐन मिरवणुकीत.

चौकटी गळतात का हे व्हर्च्युअलडब उजवीकडे दाखवतं. गळणं आणि घुसवणं असे दोन आकडे असतात. दोन्ही सारखे वाढत असतील तर दोष कॅसेटच्या सिंकचा. नुसतं गळणं वाढत असेल तर संगणकाचा: अँटीव्हायरस बंद करा, डिस्क झोपण्याची सोय बंद करा, सिस्टीम आणि रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर घ्या.

ढोलताशा_निपाणी

व्हीसीआर इनपुटची टिक केल्यावर वरचा भाग सरळ झाला. पट्टाही एका बोर्डावर घेतल्यावर गेला. एक कॅसेट पूर्ण घेतली. तासाभरानंतर ढोल आधी दिसतो, आवाज मागून येतो. आणि लेझीम हलताना कडांना कंगव्यासारखे दात दिसतात.

कॅसेटवाला_चिकोडी

आवाज मागे पडतो कारण चित्राचं घड्याळ कार्डाचं आणि आवाजाचं घड्याळ साउंड कार्डाचं. दोन्ही किंचित वेगळी पळतात, तासाभरात अर्धा सेकंद सहज साठतो. कार्डाला स्वतःचं आवाजाचं इनपुट असेल तर तेच वापरा. नसेल तर व्हर्च्युअलडबच्या कॅप्चर मेनूत टायमिंगमध्ये जाऊन आवाज चित्राशी जुळवून ताणायचा पर्याय निवडा. झालेल्या फाइलीला नंतर दुरुस्त करता येतं: आवाज वेगळा काढा, शेवटच्या ढोलाचा ठोका चित्राशी किती चुकतो ते मोजा, ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचा प्रोग्रॅम) टेम्पो तेवढ्या प्रमाणात बदला. सुरुवात जुळलेली असली तरच हे लागू. मधेच एकदम सरकला असेल तर तिथे चौकटी गळल्यात, तेवढा भाग पुन्हा घ्या.

दात असणारच. एका चौकटीत दोन अर्धचित्रं गुंफलेली आहेत, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या अंतराने घेतलेली. मूळ फाइल तशीच दातांसकट ठेवा. वाटायची प्रत करताना याडिफ (दात काढणारा फिल्टर) दुप्पट प्रकारात लावा, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण चौकटी होतील. २५ केल्या तर लेझीम झटके खाते. क्रम वरचं अर्धचित्र आधी, ॲनालॉग पाल कार्डांचं साधारण तसंच असतं. डीव्ही कॅमेऱ्याच्या फाइलींचं उलट. क्रम चुकला तर माणसं पुढे-मागे थरथरत चालताना दिसतात, पाच सेकंदांचा तुकडा करून दोन्ही बघा. मग एच.२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा, लहान तितका चांगला) १८, प्रमाण ४:३. मोबाइलवर पाठवायला २२ चालेल.

ढोलताशा_निपाणी

टायमिंग बदलून दुसरी कॅसेट लावलीय, पाऊण तास झाला, आवाज जुळलेला आहे. बुरशीच्या चार कॅसेटी बाजूला काढल्यात. त्यांचं काही होतं का?

कॅसेटवाला_चिकोडी

होतं. भंगारातला एक व्हीसीआर फक्त त्या कामाला ठेवायचा. कॅसेट आधी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात आठवडाभर वाळवा, उन्हात नको. मग झडप उघडी धरून फीत दोन्ही बाजूंनी कोऱ्या, सुती नसलेल्या कापडातून हळू गुंडाळत न्या, मोकळ्या हवेत आणि तोंडाला मास्क लावून. कापड दर काही मिनिटांनी बदला. फीत स्वच्छ दिसली की नवीन कॅसेटच्या खोक्यात रिळं हलवा, खोक्याला पाच स्क्रू असतात. झाकण वर काढताना स्प्रिंग उडते, ती कुठे बसली होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.